दवाखान्याचं बिल कुठे कुठे अडवता येतं

भरतीच्या काउंटरवर नातेवाइकाला साधारण तीन गोष्टी विचारतात: पेशंटचं नाव, विमा आहे का, आणि आत्ता किती भरता. घरात रेशनकार्ड आहे का, वर्षाचं उत्पन्न किती, हे विचारलं जाईलच असं नाही. महाराष्ट्रात बिल कमी होण्याच्या निम्म्याअधिक वाटा मात्र या न विचारलेल्या प्रश्नांपासूनच सुरू होतात.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत उपचार परवडावेत म्हणून केंद्राने आणि राज्याने पुष्कळ काही केलं. मोफत शस्त्रक्रियांच्या योजना आणल्या, स्टेंटच्या किमती बांधल्या, जेनेरिक औषधांची दुकानं काढली, धर्मादाय रुग्णालयांत खाटा राखून ठेवल्या. यातलं प्रत्येक पाऊल बिलाच्या एखाद्या ओळीला हात घालतं. अख्ख्या बिलाला हात घालणारी व्यवस्था नाही. त्यामुळे कोणती ओळ कोणत्या नियमाखाली येते, हे ज्याला भरतीच्या दिवशी ठाऊक असतं त्याचंच बिल खाली येतं.

खिशातून किती जातं

केंद्र सरकार दरवर्षी राष्ट्रीय आरोग्य लेखा काढतं. देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या १०० रुपयांपैकी २०१३-१४ मध्ये ६४ रुपये लोक थेट खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये हा आकडा ३९ वर आला आणि सरकारचा वाटा २९ वरून ४८ वर गेला. सुधारणा आहे, यात शंका नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. २०२१-२२ हे कोविडचं वर्ष होतं, सरकारी तिजोरी तेव्हा एरवीपेक्षा सैल सुटली होती. शिवाय विम्याचा हप्ता या ‘खिशातल्या’ खर्चात धरत नाहीत, तो वेगळ्या रकान्यात जातो. घरखर्चाच्या वहीत मात्र तोही आपणच लिहितो.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये, कोविडचा सगळा खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता.

फुले योजना: कार्ड सगळ्यांचं, दवाखाने ठरावीक

२ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी ती सगळ्या जिल्ह्यांत गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. सुरुवातीला ती पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांसाठी होती, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. राज्याने २०२३ मध्ये निर्णय घेऊन कवच पाच लाखांवर नेलं आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आत घेतलं. १ जुलै २०२४ पासून ही वाढीव योजना प्रत्यक्षात आली. म्हणजे आज कागदोपत्री राज्यातलं जवळपास प्रत्येक घर योजनेत आहे. तरी पांढऱ्या कार्डवाली कितीतरी मंडळी अजूनही ‘ती गरिबांची योजना, आपल्याला काय करायची’ असं म्हणून लाखाचं बिल भरून मोकळी होतात.

हिचं काम कसं चालतं ते पाहू. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस टेबल टाकून बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार त्याच्याकडे द्यायचं. दवाखाना तपासण्यांचे कागद ऑनलाइन चढवतो, तिकडून मंजुरी येते, मग शस्त्रक्रिया होते. प्रत्येक उपचाराचं ठरलेलं पॅकेज असतं आणि ते पैसे थेट दवाखान्याला मिळतात. पॅकेजमध्ये जे बसतं त्यासाठी पेशंटकडून वेगळा पैसा घ्यायचा नसतो.

अडतं कुठे? पहिलं म्हणजे यादी. योजना शस्त्रक्रियांसाठी आणि ठरावीक उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातल्या चकरा, महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या तिच्यात नाहीत. मध्यमवर्गाच्या घरात हळूहळू पैसा जातो तो नेमका इथे. दुसरं म्हणजे दवाखाना. दारावर योजनेचा फलक दिसला म्हणजे सगळं मोफत, असा समज पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. एखादं रुग्णालय मूत्रपिंडाच्या विकारांसाठी योजनेत असतं, हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी नसतं. त्यामुळे ‘तुमच्याकडे योजना आहे का’ असं विचारण्याऐवजी ‘या ऑपरेशनसाठी तुमच्याकडे योजना आहे का’ असं विचारावं. मदतीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे, केंद्राच्या योजनेसाठी १४५५५.

तिसरी अडचण पैशांची, आणि तिच्यावर दवाखान्यांचंही म्हणणं ऐकलं पाहिजे. पॅकेजचे दर वर्षानुवर्षं तेच राहतात आणि दाव्यांचे पैसे उशिरा येतात, ही छोट्या रुग्णालयांची तक्रार खोटी नाही. तालुक्याच्या गावातलं वीस खाटांचं हॉस्पिटल सहा महिने उधारीवर चालू शकत नाही. मग ते योजनेतून बाहेर पडतं किंवा आत राहून ‘आज खाट नाही’ म्हणतं.

सत्तरीच्या पुढच्यांसाठी मात्र ऑक्टोबर २०२४ पासून मोठा बदल झाला. उत्पन्न कितीही असो, ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान भारतखाली पाच लाखांचं कवच मिळतं. त्यासाठी वेगळं वय वंदना कार्ड काढावं लागतं. आजी-आजोबा ठणठणीत असतानाच ते काढून ठेवावं.

धर्मादाय रुग्णालय: शंभरातल्या वीस खाटा

मुंबई-पुण्यातली कितीतरी नामवंत, वातानुकूलित, पंचतारांकित वाटणारी रुग्णालयं कायद्याने धर्मादाय आहेत. ट्रस्ट म्हणून नोंदणी केली की करांत आणि बऱ्याचदा जमिनीत सवलत मिळते. त्या बदल्यात समाजाला काय द्यायचं, हे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१ कक या कलमात आहे. कलम जुनं, पण ते बराच काळ कागदावर पडून होतं. मुंबई उच्च न्यायालयात २००४ मध्ये जनहित याचिका दाखल झाली आणि तिच्यातून २००६ मध्ये एक तपशीलवार योजना आकाराला आली.

तिच्यानुसार शंभर खाटांपैकी दहा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि दहा दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी सवलतीत ठेवायच्या. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढवली गेली. आता निर्धन म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत आणि दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. कागद म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं.

याचा पैसा येतो कुठून? इतर सर्व रुग्णांच्या एकूण बिलातले दोन टक्के रुग्णालयाने ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात. म्हणजे डीलक्स खोलीतल्या पेशंटच्या बिलातून जनरल वॉर्डातल्या पेशंटचं औषध येतं. व्यवस्था म्हणून मला ही सगळ्यांत हुशारीची वाटते. सरकारी अनुदान नको, बिल पास होण्याची वाट नको, पैसा रुग्णालयातच तयार होतो.

बिलाचे यात दोन भाग पडतात. खाट, निवासी डॉक्टर, परिचारिका, जेवण, चादरी, नेहमीच्या तपासण्या हे निर्धन रुग्णाला फुकट. औषधं, इतर साहित्य आणि शरीरात बसवायची उपकरणं रुग्णालयाच्या खरेदीच्या भावाने लावायची, छापील किमतीने नाही, आणि ती रक्कम निधीतून वळती करायची. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषध-साहित्याच्या बिलातला निदान निम्मा भाग भरावा लागतो, पण तोही खरेदीच्याच भावाने. ‘खरेदीचा भाव’ या दोन शब्दांची किंमत स्टेंटच्या ओघात पुढे कळेल.

तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यायचं आणि तो स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचे, हेही त्याच योजनेत आहे. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामत रकमेवरून मोठा गदारोळ झाला, तेव्हा बऱ्याच लोकांना ही तरतूद पहिल्यांदा कळली. नियम तेव्हा जवळजवळ एकोणीस वर्षांचा होता.

आता अडचण. सवलत मागायची कुणाकडे? रिसेप्शनवर नाही आणि बिलिंगच्या खिडकीवर तर नाहीच. समाजसेवा विभागात, वैद्यकीय समाजसेवकाकडे जावं लागतं, आणि ते कार्यालय बहुधा तळघरात किंवा मागच्या इमारतीत असतं. शिवाय ते दिवसाच्या ठरावीक वेळेत उघडं असतं. रात्री अकराला आणलेला पेशंट सर्वसाधारण म्हणून नोंदला जातो आणि तीन दिवसांनी ‘आता वर्ग बदलता येणार नाही’ असं उत्तर मिळतं. म्हणून रात्री नोंद करतानाच अर्जावर ‘धर्मादाय योजनेसाठी विनंती’ असं लिहून द्यावं, त्याची पोच घ्यावी आणि सकाळी पहिलं काम म्हणून समाजसेवकाला गाठावं. तिथे दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी धर्मादाय सहआयुक्तांचं किंवा सहायक आयुक्तांचं कार्यालय असतं.

स्टेंटची किंमत बांधली, मग काय झालं

फेब्रुवारी २०१७ पर्यंत हृदयात बसवायच्या औषधवेष्टित स्टेंटची छापील किंमत सरासरी १ लाख २१ हजार होती. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने १३ फेब्रुवारीच्या आदेशाने ती २९,६०० वर आणली, वर कर वेगळा. साध्या स्टेंटची ७,२६०. हे करण्याआधी प्राधिकरणाने कारखाना, वितरक आणि रुग्णालय या साखळीतले आकडे मागवले होते. त्यात रुग्णालयाच्या पातळीवरचा नफा काही ठिकाणी ६५४ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याची पाळी आली. कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी १ लाख ५८ हजारांना विकला जात होता, तो ५४,७२० वर आला.

लाखो कुटुंबांना याचा खरा फायदा झाला, हे आधी म्हटलं पाहिजे. पण किंमत बांधली ती वस्तूची. शस्त्रक्रियागृहाचा आकार, डॉक्टरांची फी, खोलीभाडं, ग्लोव्हज-सिरिंज-कॅथेटर हे सगळं मोकळंच राहिलं. एकीकडे ठिगळ लावावं तर दुसरीकडे उसवतं, तसं झालं. २०१८ मध्ये याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली. किमतीचं बंधन नसलेल्या औषध-साहित्यावर नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. गंमत अशी की हे बेकायदा नव्हतं. छापील किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेतला नव्हता. छापील किमतीच मुळात फुगवून छापून घेतल्या जातात, कारण मोठ्या खरेदीदाराला जितकं जास्त अंतर मिळेल तितका तो माल उचलतो.

कोविडमध्ये महाराष्ट्राने याच्या पुढे जाऊन पाहिलं. मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा सरकारी दराखाली आणल्या: साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभाग ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले आणि काही ठिकाणी लोकांना पैसे परतही मिळाले. पण पीपीई किट आणि महागडी औषधं दराबाहेर होती. मग बिलात दिवसाला अमुक इतके किट अशी ओळ दिसू लागली आणि तिचाच आकडा खोलीभाड्याशी स्पर्धा करू लागला. तरीही अख्ख्या बिलाला बांध घालणं प्रशासनाला जमू शकतं, एवढं त्या काळाने दाखवलं. साथ ओसरली तसा तो बांधही गेला.

विमा आहे, तरी पन्नास हजार का भरले?

विमेदाराचा सर्वांत मोठा भ्रमनिरास खोलीभाड्याच्या मर्यादेत दडलेला असतो. पाच लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीला विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० ची मर्यादा आहे, असं धरू. घरच्यांनी ८,००० ची खोली घेतली. चार दिवस, म्हणजे वरचा फरक १२,०००. तेवढेच आपल्याला पडतील, असा हिशेब आपण मनात करतो.

दोन लाखांच्या बिलात खोलीचे ३२ हजार, डॉक्टर-शस्त्रक्रियागृह-नर्सिंगचे एक लाख, आणि औषधं-तपासण्यांचे ६८ हजार आहेत. कंपनी खोलीचे २० हजार देते. मग म्हणते, तुम्ही पात्रतेपेक्षा वरची खोली घेतली, म्हणून डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृहाचे पैसेही त्याच प्रमाणात, आठास पाच. एक लाखाचे ६२,५००. औषधं आणि तपासण्यांना हे प्रमाण लावायला विमा नियामकाने २०२० मध्ये मनाई केली, म्हणून ते ६८ हजार पूर्ण. एकूण मिळाले १ लाख ५० हजार ५००. आपल्या खिशातून ४९,५००.

यामागे रुग्णालयांची एक पद्धत आहे, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. तेच डॉक्टर, तेच ऑपरेशन थिएटर, तोच टाका, पण पेशंट कोणत्या खोलीत झोपतो त्यावर सर्जनची फी बदलते. जिथे खोलीनुसार दर बदलत नाहीत, तिथे ही प्रमाणशीर कपात कंपनीला करता येत नाही. पॉलिसी घेताना खोलीभाड्याची मर्यादा नसलेली घ्यावी. ती हाताशी नसेल तर भरतीच्या वेळी मोह आवरावा.

नियमांत अलीकडे काही चांगले बदल झाले. २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीची थांबण्याची मुदत चारवरून तीन वर्षांवर आली. कॅशलेसची पहिली मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची, उशिरामुळे दवाखान्याने जादा आकारलं तर ते कंपनीने सोसायचं. २०२५ च्या जानेवारीपासून ज्येष्ठांचा हप्ता नियामकाला विचारल्याशिवाय वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला.

औषधाची चिठ्ठी

जेनेरिक औषधं विकणारी जनऔषधी केंद्रं २००८ पासून आहेत आणि २०२५ च्या सुरुवातीला देशभरात त्यांची संख्या पंधरा हजारांवर गेली. रोजच्या गोळ्यांसाठी ती खरोखर परवडतात. घोडं पेंड खातं ते चिठ्ठीवर: डॉक्टर ब्रँडचं नाव लिहितात आणि केंद्रात औषध त्याच्या मूळ नावाने मिळतं. सगळ्या डॉक्टरांनी मूळ नावच लिहावं असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला आणि डॉक्टरांच्या विरोधानंतर त्याच महिन्यात स्थगित केला. तेव्हा डॉक्टरांना चिठ्ठीवर घटकाचं नाव लिहून द्यायला सांगणं, हाच सध्या मार्ग आहे.

रुग्णालयाच्या आवारातल्याच मेडिकलमधून औषधं घ्यायची सक्ती हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतः बंधन घालायचं टाळलं आणि धोरण ठरवायचं काम राज्यांवर सोपवलं.

भिंतीवरचं दरपत्रक

खासगी रुग्णालयांसाठी केंद्राचा कायदा २०१० चा आहे, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये बदल झाले. खोली, डॉक्टरांच्या भेटी, अतिदक्षता विभाग अशा पंधरा बाबींचे दर दर्शनी भागात लावायचे, रुग्ण हक्कांची सनद लावायची, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवायचा नाही, तक्रारीसाठी महापालिकेने किंवा जिल्ह्याने कक्ष उघडायचा. तुमच्या जवळच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन ते दरपत्रक शोधा. सापडलं तर ते बहुधा लिफ्टमागे किंवा अग्निशमन यंत्राच्या शेजारी असेल. आणि दर लावायला सांगितलं म्हणजे दर ठरवून दिला, असं नव्हे. पाच हजारांची खोली पंधरा हजारांना दिली तरी चालतं, फक्त ते भिंतीवर लिहिलेलं हवं.

सरकारी दवाखाना, पण कोणत्या सरकारचा?

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांत केस पेपरपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळं मोफत झालं. बातमी खरी, पण अपुरी. हा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांना लागू आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं, जिल्हा रुग्णालयं. पुण्याचं ससून मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाचं, केईएम मुंबई महापालिकेचं. तिथे त्यांचे त्यांचे दर. लोकांच्या लेखी ही सगळी ‘सरकारी’, आणि गंभीर आजार झाला की लोक धावतात ते याच दुसऱ्या गटाकडे.

मोफत ठरलेल्या ठिकाणीही खर्च होतो तो ‘बाहेरून आणा’ या चिठ्ठीने. सर्जन सरकारी, टेबल सरकारी, पण अँटिबायोटिक आणि टाक्यांचा धागा समोरच्या मेडिकलमधून. याचं मूळ खरेदीत आहे. २०१७ मध्ये राज्याने औषध खरेदी एकत्र करून हाफकिनकडे दिली. लस बनवणाऱ्या संस्थेवर राज्यभरची खरेदी येऊन पडली, निविदा लांबल्या आणि गोदामं रिकामी राहिली.

तामिळनाडूने हे १९९४ मध्येच वेगळ्या पद्धतीने सोडवलं होतं. फक्त खरेदी-वाटपासाठी स्वतंत्र महामंडळ काढलं, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं बांधली आणि प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक दिलं. त्यात वर्षाची रक्कम जमा दाखवलेली असते. दवाखान्याने गोदामातून हवं ते औषध उचलायचं, तेवढी रक्कम पासबुकातून वजा होते. काय लागतं हे मंत्रालय ठरवत नाही, वॉर्ड ठरवतो. राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना आणली तीही असंच महामंडळ काढून.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केलं आणि हाफकिनकडचं काम काढून घेतलं. प्राधिकरणाचं काम नीट चाललंय की नाही, हे त्याच्या वार्षिक अहवालापेक्षा जिल्हा रुग्णालयासमोरच्या मेडिकलवाल्याच्या गल्ल्यावरून जास्त खरं कळेल.